पाइपावरचे तीन टोले

अण्णा, काल सोलरचं सगळं पाणी उतरवलं. तुम्ही जाऊन तीन आठवडे झाले. टाकीतलं पाणी गच्चीवरून पन्हाळीत जाताना मला उगाच वाटलं, हे तुमच्या हातचं शेवटचं पाणी. खरं तर तसं काही नव्हतं. टाकी रोज रिकामी होते, रोज भरते, आणि गेले सहा महिने तुम्ही गच्चीवर पाऊलही टाकलेलं नव्हतं. मीच टाकू दिलं नव्हतं.

तिन्ही व्हॉल्व्ह बदलायचे होते. बोअरच्या पाण्याने क्षार धरून पार जाम झाले होते. तुम्ही दिवाळीपासून मागे लागला होतात, "बदलून घ्या, नाहीतर ऐन थंडीत दगा देतील." मी म्हणायचे, बघू. तुम्ही म्हणायचात, "मला वर सोड, अर्ध्या दिवसाचं काम आहे." मी म्हणायचे, नाही. मग तुम्ही पेपर तोंडासमोर धरायचात आणि मी कुकर लावायला जायचे. तुमचा शब्द खरा झाला. तेरावं आटोपलं, पाहुणे गेले आणि दुसऱ्याच दिवशी गरम पाण्याच्या व्हॉल्व्हमधून धार लागली. मरणानंतरही आपलंच खरं करून दाखवायचं, हे तुम्हालाच जमावं.

संजयने प्लंबर शोधला. रामदास नाव, तुमच्या माझ्या मधल्या वयाचा, रोज निफाडहून मफलर गुंडाळून स्कूटरवर येतो. त्याने आपल्या रो-हाऊसचा जिना चढता चढताच भिंतीवरच्या पाइपाला टिचकी मारून पाहिली. म्हणाला, "लय जुना पाइप हाय ताई. आतून पार गंजला असंल. आख्खी लाइनच प्लास्टिकची टाकून घ्या. आजचं मरण उद्यावर कशाला ढकलता?" आणि मग त्याचं लक्ष हॉलमधल्या तुमच्या हार घातलेल्या फोटोकडे गेलं आणि त्याने जीभ चावली.

संजय लगेच तयार झाला. म्हणाला, "टाकून द्या सगळी लाइन. मला तो पाइप नकोच आहे घरात." इतकं तोडून बोलला की मी बघतच राहिले. तुम्हाला माहीत आहे तुमचा मुलगा, साधी उशी बदलायची तर महिना लावतो. हल्ली काही कळत नाही त्याचं. फोन सतत हातात. वाजला रे वाजला की उचलतो, कर्ज विकणाऱ्यांचेसुद्धा, आणि त्यांच्याशी शांतपणे बोलतो. मी म्हटलं, पाइपाला कोणी हात लावायचा नाही. व्हॉल्व्ह बदला, पाइप तोच राहील. तो का, असं म्हणाला नाही. मीही सांगितलं नाही.

का ते तुम्हाला माहीत आहे. प्लास्टिकच्या पाइपावर टोला ऐकू जात नाही.

चौदा वर्षांपूर्वी सोलर बसवलं तेव्हाची गोष्ट. तुम्ही वर टाकीपाशी, मी खाली तुमच्या मोरीत नळापाशी. तुम्ही ओरडायचात, "आलं का?" मी ओरडायचे, "नाही." गल्लीतल्या बाया खिडकीत यायला लागल्या. मग तुम्ही खाली आलात, मोरीतल्या खिळ्याला सुतळीने एक पाना बांधलात आणि म्हणालात, "हे बघ वैशाली, सातपूरला आमच्या प्लांटमध्ये मशीनच्या आवाजात माणसाचं काही ऐकू यायचं नाही. आम्ही पाइपावर वाजवायचो. एक टोला म्हणजे बंद. दोन म्हणजे उघड. तीन म्हणजे हातातलं टाकून ये. तीनला का म्हणून विचारायचं नाही. तीन म्हणजे तीन." मी हसले. तुम्ही हसला नाहीत. तीस वर्षं मेंटेनन्स फिटर म्हणून काढलेल्या माणसाला त्यात हसण्यासारखं काही वाटत नसावं.

पण ते आपलं चाललं छान. सकाळी तुम्ही गच्चीवर गेलात की मी स्वयंपाकघरातून उलथन्याने तीन वाजवायचे, चहा झाला. तुम्ही दोन मिनिटांत खाली. कधी हाताला ग्रीस, कधी एकच चप्पल पायात, पण खाली. चौदा वर्षांत माझ्या तीन टोल्यांना तुम्ही एकदाही थांबवून ठेवलं नाहीत. एवढं माझं कोणी ऐकलं नाही या घरात. माहेरीसुद्धा नाही.

बाकी तुम्ही छळलंतही कमी नाही, ते आज मेलेल्या माणसाविषयी चांगलंच बोलावं म्हणून गिळणार नाही. माझी आंघोळ दुसऱ्या बादलीवर गेली की वरून गरम पाणी बंद. अंगाला साबण तसाच. मी दोन टोले हाणायचे, तुम्ही एक. आई होत्या तेव्हा त्या मध्ये पडायच्या. त्या गेल्यावर आणि ओंकार शिकायला पुण्याला गेल्यावर दिवसभर घरात आपण दोघंच उरलो. भांडायलाही दुसरं कोणी नाही आणि समेट करायलाही नाही.

मग आषाढात तुम्ही गच्चीवर शेवाळावरून घसरलात. मी भाजी घेऊन आले तर तुम्ही टाकीच्या स्टँडला धरून पावसात बसलेले. किती वेळ बसला होतात ते सांगितलं नाहीत. हाड मोडलं नव्हतं, पण डॉक्टरांनी बजावलं, जिना बंद. तुम्ही मान डोलावलीत आणि चौथ्या दिवशी मी झोपले आहे असं बघून पुन्हा वर. तेव्हा मी गच्चीच्या दाराला कुलूप घातलं आणि किल्ली तांदळाच्या डब्यात पुरली. मी काही मोठा विचार केला नव्हता. मला फक्त तुम्हाला पुन्हा तसं पावसात बसलेलं बघायचं नव्हतं.

तुम्ही आठ दिवस माझ्याशी बोलला नाहीत. नवव्या दिवशी म्हणालात, "तू मला कोंडलंस." मलाही राग आला. म्हटलं, "मी बावीस वर्षं कोंडलेली आहे या घरात. तुमचं पथ्य, आईंचं दुखणं, ओंकारची शाळा. बँकेतली नोकरी चालून आली होती ती सोडली. तुम्हाला नऊ दिवस जड झाले?" मग अगदी हळू विचारलंत, "तुला कोणी कुलूप लावलं होतं?"

त्याचं उत्तर मी दिलं नाही. तेव्हा सुचलं नाही म्हणून, आणि नंतर रोज सुचत होतं म्हणून. भांडी घासताना तुम्हाला सुनवायची उत्तरं तयार करायचे मी, एकापेक्षा एक. एकही खरं नव्हतं. कुलूप कोणी लावलं नव्हतं अण्णा, हेच तर दुखणं आहे. लावलेलं असतं तर तोडता आलं असतं. हे तुम्हाला समोर बसून सांगायचं होतं. चहा घेता घेता, फार जोर न देता. राहून गेलं.

त्यानंतर रोज सकाळी मी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले की खालून दोन टोले यायचे. उघड. मी कपड्यांच्या चिमट्यांची बादली खाली ठेवायचे आणि टाकीखालच्या पाइपावर दगडाने एक टोला द्यायचे. बंद. सुरुवातीला रागाने द्यायचे. पुढे पुढे तो राग उरला नाही. दोन आणि एक, असा आपला सकाळचा रामराम होऊन गेला. एखाद्या दिवशी तुमचे दोन यायला उशीर झाला की मी कठड्यावरून वाकून तुमच्या खोलीच्या खिडकीकडे बघायचे.

आणि मग त्या शेवटच्या आठवड्यात तुम्ही तो खोडसाळपणा केलात. मी वर होते. तीन टोले आले. मी ओला टॉवेल तिथेच टाकून दोन मजले धावत खाली आले, धापा टाकत. तुम्ही मोरीच्या दाराशी आरामात उभे. हात पुढे केलात आणि म्हणालात, "किल्ली." मला रडूच आलं रागाने. म्हटलं, "अण्णा, तीनची चेष्टा करता? तुम्हीच ना म्हणाला होतात, तीन म्हणजे तीन? आता यापुढे तीन वाजवलेत तरी मी येणार नाही." तुमचा चेहरा पडला. पाना खिळ्याला अडकवून तुम्ही खोलीत गेलात. संध्याकाळी स्वतःहून लसूण सोलून दिलात. ती तुमची माफी होती, मला कळली होती. पण मी दाखवलं नाही.

त्यानंतर चौथ्या दिवशीची सकाळ.

हे मी अजून कोणालाच सांगितलेलं नाही. सगळ्यांना सांगते ते असं: मी गच्चीवर होते, खाली आले तर अण्णा मोरीपाशी बसलेले, भिंतीला टेकून, गेले होते. लोक म्हणतात, पुण्यवान, कोणाला तोशीस दिली नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय एकदम बंद पडलं, तुम्ही शेजारी असतात तरी काही करता आलं नसतं. मी मान हलवते. कोणी पाइपाचं विचारत नाही. कोण कशाला विचारेल?

दोन टोले नेहमीसारखे आले होते. मी एक दिला. मग मी चादर पिळत होते आणि तीन आले. सावकाश, मध्ये थोडं थांबून. मला ऐकू आले, स्पष्ट. मी मनात म्हटलं, वाजवा, वाजवा खुशाल. चादर झटकून दोरीवर घातली. चिमटे लावले. मग मुद्दाम, अण्णा, मुद्दाम, तुळशीची वाळकी पानं खुडत बसले. एरवी मी ते कधी सकाळी करत नाही. दहा मिनिटं झाली असतील, पंधराही असतील. खाली आले तेव्हा पाना तुमच्या मांडीवर होता आणि सुतळी ताणलेली होती.

तुमचा मला रागही येतो. तीन खोटे वाजवले नसतेत तर मी आले असते. चौदा वर्षांचा नियम तुम्हीच मोडलात, चार दिवस आधी, एका किल्लीसाठी. मग वाटतं, ती किल्ली देऊन टाकली असती तर कोणाचं काय घोडं मारलं असतं? हाताला धरून नेलं असतं वर, उन्हात खुर्ची टाकून बसवलं असतं. मी एकाच जागी फिरतेय तीन आठवडे. इकडून गेले तरी भिंत, तिकडून गेले तरी भिंत.

दहाव्याला गोदाकाठी घाटावर पिंड मांडले तेव्हा मी ठरवून गेले होते. म्हटलं, कावळा शिवणार नाही. अण्णांची इच्छा राहिली आहे, ती मला माहीत आहे, कावळा शिवणार नाही. मग सगळे एकेक करून काही काही कबूल करतील, ओंकारचं शिक्षण, घराची डागडुजी, आणि शेवटी मी पुढे होईन आणि सगळ्यांदेखत बोलेन. पाठ करून गेले होते. भटजी बाजूला झाले आणि तुमचा कावळा तत्काळ आला. दोन पिंडांना चोच मारून उडून गेला. सगळे समाधानाने म्हणाले, अण्णा तृप्त गेले. माझं तोंड उघडायच्या आत सगळं संपलं होतं. इतका राग मला तुमचा जिवंतपणी आला नव्हता.

तर काल. ऊन चढायच्या आत मी सोलरच्या काचेच्या नळ्यांवर तुमची गोधडी पांघरली. ती द्यायची होती कोणाला तरी, रिवाजाप्रमाणे. मी माळ्यावर दडवून ठेवली होती. तापलेल्या रिकाम्या नळ्यांत गार पाणी गेलं तर काच तडकते, म्हणून आधी पांघरूण, हे तुमचंच शिकवणं. रामदास म्हणाला, "ताई, तुम्हाला तर सगळंच ठाऊक हाय." मी म्हटलं, मेल्याशिवाय स्वर्ग दिसत नाही असं म्हणत आमच्या सासऱ्यांनी माझ्याकडून सगळं करून घेतलंय.

आणि नेमकं एक सांगायचं विसरले. गरम पाण्याच्या व्हॉल्व्हचा दांडा तुम्ही उलटा बसवला होता, कोणी परक्याने हात लावला तर त्याला कळू नये म्हणून. "हे फक्त तुला सांगतोय," म्हणाला होतात. सगळ्या जगात दांडा पाइपाला आडवा म्हणजे बंद. आपल्याकडे आडवा म्हणजे उघडा. रामदासने चांगला जोर लावून दांडा आडवा केला, पाइप सोडला आणि आदल्या दिवशीचं तापलेलं पाणी भसकन त्याच्या छातीवर. भाजला नाही, जाड स्वेटर होता, पण मफलरसकट भिजला. "हे कोणी बसवलं?" म्हणाला. मी म्हटलं, "फोटोत बघितलेत ना, त्यांनी." तुम्ही गेल्यानंतर मी पहिल्यांदा हसले, अण्णा. हसता हसता टाकीच्या मागे जाऊन तोंड पुसून आले.

दहा वाजेपर्यंत तिन्ही व्हॉल्व्ह बसले. पाणी सोडलं, टाकी भरली. स्वयंपाकघरात गरम पाण्याचा नळ चालू झाला. तुमच्या मोरीत काही येईना. नुसती फुसफुस. रामदास म्हणाला, "हवा कोंडली. जॉइंट खोलावा लागंल." मी म्हटलं, थांबा.

संजयला तुमच्या मोरीत पाठवलं. तो जाईना. तुम्ही गेल्यापासून त्याने त्या मोरीत पाऊल टाकलेलं नाही, आंघोळ वरच करतो. मी म्हटलं, "जा. मिक्सर नळाच्या तोंडावर तळहात घट्ट दाबून धर आणि गार गरम दोन्ही नळ पूर्ण सोड. गार पाणी उलटं वर चढेल आणि कोंडलेली हवा टाकीवरच्या हवेच्या नळीतून बाहेर काढेल. मग हात काढ. गरम नळाला धार लागली की खिळ्याला पाना आहे, त्याने पाइपावर तीन टोले मार." तो म्हणाला, "फोन करतो ना." मी म्हटलं, "फोन नाही. टोले."

मी वर टाकीपाशी उभी राहिले. हवेच्या नळीला कान लावला. आधी काही नाही. मग खूप खालून गुडगुड यायला लागली, वर वर येत गेली आणि नळीच्या तोंडातून फस्सकन हवा सुटली, मागोमाग थोडं पाणी. रामदास म्हणाला, "निघाली." मी पाइपावर हात ठेवून होते.

एक. दोन. तीन.

मी धावले. रामदास ओरडला असेल काहीतरी, मला ऐकू आलं नाही. गच्चीचं दार सताड उघडं टाकून, अनवाणी, दोन मजले उतरून मी तुमच्या मोरीच्या दारात आले. संजय पाना हातात धरून उभा, शर्ट भिजलेला. घाबरला मला बघून. "अगं, नुसतं पाणी आलंय. एवढी पळत कशाला आलीस?"

मी उंबऱ्यावरच बसले, तुम्ही बसला होतात तिथे. आणि सांगितलं त्याला. दोन टोले, एक टोला, किल्ली, लसूण, चादर, तुळशीची पानं. सगळं. त्याच्याकडे न बघता सांगितलं. तो आता काय म्हणेल, पुढची वीस वर्षं कशी माझ्याकडे बघेल, हे सगळं सांगता सांगता डोक्यात येत होतं, पण तोंड थांबेना.

मग त्याने विचारलं, "किती वाजले होते?"

म्हटलं, "साडेनऊ. नळाची वेळ संपत आली होती."

त्याने ओल्या हाताने खिशातून फोन काढला. उगाच काढला, कारण उघडून बघितलाच नाही. म्हणाला, "मग आधी मला फोन केला होता त्यांनी. नऊ सत्तावीसला. दोनदा. मी साहेबांसमोर होतो. मला वाटलं, किल्लीची तक्रार असेल. मी आवाज बंद केला."

एवढं बोलून तो माझ्या शेजारी खाली बसला, भिजलेल्या फरशीवर. पाना त्याच्या हातातच होता. तो माझ्या हातात दिला, मी परत त्याच्या हातात दिला. नळ पूर्ण सुटलेला होता, भरभरून पाणी वाया जात होतं. तुम्ही असतात तर वरून कधीच बंद केलं असतंत, अण्णा. आम्ही दोघांनीही उठून तो बंद केला नाही.